भरितावर ठरलेला रस्ता

रुपचंदच्या वांग्यांच्या ढिगात मी स्कूटर घातली, ती मुद्दाम नव्हे. हे आधीच सांगतो, कारण आमच्या फैजपुरातल्या गल्लीत याबद्दल दोन मतं आहेत.

रस्ता शाळेचा. केळीचे ट्रक आणि पोरांच्या सायकली एकमेकांना घासून जातात. नगरपालिकेने सांगितलं, पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी रस्ता कसा हवा ते रहिवाशांनीच ठरवा आणि आपला एक प्रमुख निवडा. प्रमुख कोण, हा प्रश्न निदान मला तरी पडला नव्हता. निवृत्त मुख्याध्यापक गल्लीत मी एकटाच. रंगीत नकाशा काढला, बैठक बोलावली. मंडपवाल्याच्या खुर्च्या तेवढ्या वेळेवर आल्या.

रुपचंद एसटीचा निवृत्त ड्रायव्हर. दुधाच्या पिशवीलाही मोटरसायकल काढणारा. त्याने नुसती हाळी दिली, "रविवारी भरीत हाये, आपापली ताटं आना." रस्त्याच्या दोन्ही तोंडांना ट्रॅक्टर आडवे लावले. माझ्या घराचा बोळ तेवढा अडवायला विसरला, म्हणून ती वांगी.

कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली जात होती आणि गल्ली रस्त्यातच मांडी घालून बसली होती. रुपचंदने चुन्याचं घमेलं फिरवलं. "जो जिथून जातो, त्याने तिथं रेघ ओढावी."

सायकलने कॉलेजला जाणाऱ्या कामिनीने ट्रकांचं वळण टाळून लांबची रेघ ओढली. म्हाताऱ्या भिकुबाईने मधेच गोल काढला, "मी इथं दम खाते. इथं बाक पाहिजे." आमच्या इंदिराबाईंनी तर माझ्या नकाशातला झेब्रा पट्टा उचलून थेट दवाखान्यासमोर नेला. नकाशा महिनाभर घरच्या भिंतीवर होता, तेव्हा चकार शब्द नाही.

भरीत, वाईट म्हणजे, फर्मास झालं होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी मिरचीच्या नावावर घातलं.

पालिकेची इंजिनिअर सुलक्षणा चुन्याच्या रेघांचे फोटो काढत होती. मी घाईने नकाशा पसरला. भिकुबाईने त्यावर कांद्याची पात ठेवली. मग सुलक्षणाने विचारलं, "प्रमुख कोण?" सगळ्यांनी खरकटे हात रुपचंदकडे केले. आमच्या घरचाही एक हात त्यात होता.

मला राहवेना. त्याला बाजूला घेतलं. "रुपचंद, प्रमुखाला पत्रव्यवहार करावा लागतो. चार ओळी लिहायच्या म्हटलं की तुला घाम फुटतो. मीच होतो की प्रमुख."

परात पुसता पुसता तो म्हणाला, "लिहायले तुले ठेवतो ना."