डेल्मरकाकाचा नाका

जूनमध्ये डेल्मरकाकाला माती दिली तेव्हा पास्टर म्हणाले, या माणसाने आयुष्यात कधी घाई केली नाही. तेवढ्यात मागच्या बाकावर त्याच्या जुन्या दोस्ताला, ड्वेनला, खोकल्याची उबळ आली. आर्डिथकाकूने मागे वळून बघितलं नाही, पण तिचे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं रडतेय. रडत पण होती म्हणा.

आता घाई केली नाही म्हणजे काय, ते सांगायलाच पाहिजे.

काका नॉर्थ डकोटात एकतीस वर्षं काउंटीचं ग्रेडर मशीन चालवायचा. उन्हाळ्यात खडीचे रस्ते सारखे करायचे, हिवाळ्यात बर्फ ढकलायचा. त्यात झालं असं की जगातला कुठलाच रस्ता त्याला पसंत पडेना. निवृत्त झाला आणि त्याने एक जुनं मोटरहोम घेतलं, म्हणजे चाकांवरचं घरच, चाळीस फूट लांब, आणि मागे ओढत न्यायला एक छोटी गाडी. हिवाळाभर दोघं ॲरिझोनात येऊन राहायची, तिथल्या गाड्यांच्या पार्कात, आपल्यासारख्याच थंडीला भिऊन पळालेल्या म्हाताऱ्यांच्यात. मोटरहोम घेतल्या घेतल्या पहिल्याच आठवड्यात काकाने पुढच्या काचेच्या कोपऱ्यातलं एक जुनाट चकचकीत स्टिकर ब्लेडने खरवडून काढलं. अख्खी दुपार घातली त्यात. काच अशी केली की पाखरू येऊन आपटावं. काकूने त्याला लिंबाचं सरबत नेऊन दिलं आणि छान दिसतंय म्हणाली. हे लक्षात ठेवा.

मोटरहोम घेतलं होतं ते माझातलानला जायला. तिथे काकूची थोरली बहीण राहायची, लव्होन. होड्या दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी लग्न करून ती तीस वर्षांपूर्वी मेक्सिकोत गेली ती तिकडचीच झाली. नवरा वारला, मग खुबा मोडला, मग हृदय थकलं. तिला काही इकडे येता येत नव्हतं. फोनवर एवढंच म्हणायची, येताना लेफ्सा आण गं. लेफ्सा म्हणजे आमच्याकडची बटाट्याची पातळ पोळी, लोणी साखर लावून गुंडाळायची. काकू दर डिसेंबरात लव्होनसाठी म्हणून दोन डझन करायची आणि दर फेब्रुवारीत त्या पार्कातली माणसं खायची.

कारण नाका ठरत नव्हता.

सरहद्द ओलांडायला ॲरिझोनात नाके काय कमी आहेत? पण काकाला एकेकात खोट दिसायची. लूकव्हिलचा नाका संध्याकाळी बंद होतो, आणि पुढच्या रस्त्याला कडेला पट्टीच नाही. नोगालेस गावातल्या नाक्यावर वळण असं की चाळीस फुटांचं धूड वळवताना कुणाचं तरी दुकान सोबत येईल. डग्लसवरून गेलं की घाट. मारिपोसाला सगळे ट्रक. काकाने यासाठी एक वही केली होती. दर नाक्याला पान, पानावर माहिती, माहिती देणाऱ्याचं नाव, आणि त्याच्यावर भरवसा किती ते दहापैकी. पार्कातला हा ड्वेन स्वतःचं मोटरहोम घेऊन चौदा वेळा मेक्सिकोला जाऊन आलेला. पहिल्याच हिवाळ्यात त्याने सांगितलं होतं, मारिपोसाने जा, ट्रक जातात तिथे तू का नाही जाणार. ड्वेन, दहापैकी चार. दुसरी एक बाई होती, जन्मात मेक्सिकोला गेली नव्हती पण बोलायची हळू आवाजात. तिला आठ.

रोज सकाळी पार्कात खुर्च्या टाकून कॉफी व्हायची आणि नाक्यांचा विषय निघायचा. एकदा ड्वेन वैतागला.

"डेल्मर, अरे नाका म्हणजे काय सून आहे का, इतकी पारखून घ्यायला?"

"सून चुकली तर पोरगा भोगतो," काका म्हणाला. "नाका चुकला तर मागे घेता येत नाही गाडी."

हे मात्र खरं होतं. मागे छोटी गाडी जोडलेली असली की रिव्हर्स घेता येत नाही. सहा हिवाळे या एका खऱ्या वाक्यावर काढले त्याने.

काकू म्हणायची, आपण विमानाने जाऊ, नाहीतर बसने. काका म्हणायचा, चाकावर घर असताना पाहुण्यासारखं कशाला जायचं? आणि काकू त्याच्याशिवाय कुठे जायची नाही. बाळंतपणाला गेली ती पण त्यानेच सोडलं होतं म्हणून.

सहाव्या हिवाळ्यात जानेवारीत लव्होनचा फोन आला. या वेळी म्हणाली, लेफ्सा नसल्या तरी चालतील, तू ये.

काकूने फोन ठेवला आणि बाहेर येऊन सांगितलं, सोमवारी निघायचं, नाका तुला हवा तो घे. काका शनिवार रविवार वही घेऊन बसला. रविवारी संध्याकाळी जाहीर केलं, मारिपोसा. वहीतलं पहिलं पान. ड्वेनने वहीकडे बघितलं. नुसती टोपी काढली डोक्यावरची, मयताला काढतात तशी.

आणि नाका ओलांडायला वेळ किती लागला म्हणता? अकरा मिनिटं. काका हिरमुसलाच जरा.

पण पुढे एकवीस किलोमीटरवर गाड्यांच्या परवान्याची कचेरी लागते. तिथे खिडकीतल्या बाईने मोटरहोमचा नंबर टाकला, परत टाकला, शेजारच्या बाईला बोलावलं. मग म्हणाली, ही गाडी मेक्सिकोतच आहे.

काकाने बोट करून बाहेर दाखवलं, ही काय उभी आहे. बाईने चाळीस फूट मोटरहोमकडे बघितलं, कॉम्प्युटरकडे बघितलं, आणि कॉम्प्युटरवर विश्वास ठेवला. सात वर्षांपूर्वी आधीच्या मालकाने दहा वर्षांचा परवाना काढून ती आत आणली होती, परत नेताना रद्द केला नव्हता. म्हणजे सहा वर्षं आमचा काका ज्या गाडीला मेक्सिकोत कुठून न्यावं याचा अभ्यास करत होता ती कागदोपत्री तिथेच होती, मजेत. बाई चांगली होती बिचारी. म्हणाली, काही अवघड नाही, काचेवरचं स्टिकर आणून द्या, रद्द करते.

काकूला लिंबाचं सरबत आठवलं.

दोघं बाहेर बाकावर येऊन बसली. काकाने बोटांवर काहीतरी मोजलं. मग त्याचा चेहरा उजळला.

"दहातली सात गेली," तो म्हणाला. "तीनच वर्षं राहिली, मग मुदत आपोआप संपते. तोवर डग्लसचं पण नीट बघून होईल."

काकूने त्याच्याकडे बघितलं. चिडली असती तर बरं झालं असतं, असं नंतर तोच सांगायचा.

"डेल्मर, लव्होनकडे तीन वर्षं नाहीत."

"मग काय ही गाडी इथे टाकून जायची म्हणतेस?"

"तू टाकू नकोस. तू तिला घरी घेऊन जा. छोटी गाडी माझ्या नावावर आहे."

ती काकानेच तिच्या नावावर केली होती. एका माणसाला एकच वाहन नेता येतं हा नियम त्याने वहीत लाल शाईने लिहून ठेवला होता. सहा वर्षांच्या अभ्यासातलं एवढंच कामाला आलं, आणि ते पण त्याला मागे ठेवायला. काकू उठली आणि परत रांगेत उभी राहिली, एकटी. वीस मिनिटांत परवाना मिळाला.

काकाने स्वतःच्या हाताने छोटी गाडी सोडवली. पिना काढल्या, साखळ्या काढल्या. चारी टायर बघितले, परत बघितले. वही पुढे केली. तिने ती घेतली नाही, लेफ्साचा डबा घेतला.

"स्पीडब्रेकरला पाटी नसते इकडे," तो म्हणाला.

"मला दिसतात, डेल्मर."

काकूने गेल्या दहा वर्षांत किराणा दुकानापलीकडे गाडी नेली नव्हती. पहिला तासभर साठच्या वर गेली नाही, मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते, तिने मारू दिले. वाटेत एक मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना माझातलानला पोचली तर लव्होन वॉकर धरून स्वतः दारात उभी. तिने चार लेफ्सा खाल्ल्या आणि म्हणाली, आईच्या जाड व्हायच्या, तुझ्या त्याहून जाड. मग दोघी रडत बसल्या. अकरा दिवस मिळाले. मार्चमध्ये लव्होन गेली.

काकू परत आली तेव्हा काका पार्कात खुर्ची रस्त्याकडे तोंड करून बसला होता. सगळे सांगतात की पंधरवडाभर ती खुर्ची तशीच होती. गाडी थांबली, तो उठला, आणि पहिला प्रश्न काय विचारला असेल?

"कुठल्या नाक्यावरून आलीस?"

"रांग लहान होती त्या."

"नाव काय त्याचं?"

"बघितलं नाही."

तो फडकं शोधायला गेला. बादली आणली आणि छोट्या गाडीची काच धुवायला घेतली, किडे चिकटले होते ते. कोपऱ्यातल्या परवान्याच्या स्टिकरला हात लावला नाही. त्याच्या कडेने फडकं फिरवलं, हळूच, झोपलेल्या पोराच्या कडेने फिरवावं तसं.

दुसऱ्या दिवशी तिला परत नाक्यापलीकडच्या त्या कचेरीत नेलं त्याने, त्याच छोट्या गाडीतून, ते स्टिकर देऊन परवाना रद्द करून घ्यायला. गाडी तिलाच चालवायला लावली.

मोटरहोमचं काहीच केलं नाही. ते कागदावर अजून मेक्सिकोत आहे.

माती झाल्यावर घरी हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचं ओव्हनमधलं एका भांड्यातलं जेवण, खाऊन लोक पांगले. ड्वेन मागे राहिला होता, तो मुद्दाम ॲरिझोनाहून गाडी चालवत आला होता. काकूने ती वही आणून त्याच्यासमोर ठेवली. शेवटच्या पानावर काकाच्या त्या चौकोनी अक्षरात एवढंच होतं: रांग लहान बघून जावे. सांगणारी आर्डिथ. दहापैकी दहा.

ड्वेनने चष्मा लावून वाचलं. मग पानं उलटत पार पहिल्या पानावर गेला.

"मी चौदा वेळा जाऊन आलो," तो म्हणाला, "आणि मला चार."

"पाच केले असते त्याने," काकू म्हणाली. "विचार चालू होता."