प्रोफेसर, प्रोफेसर, प्रोफेसर
परवा मुखेडच्या वाटेवर एसटीच्या खिडकीतून ज्वारीत पाखरं हाकायला टांगलेली सीडी चमकताना दिसली आणि माझं डोकं पुन्हा तापलं. लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं तेव्हा मी एका क्लासच्या, पोरांना घरी पाठवायच्या धड्यांच्या सीड्या तपासायचो. सीडी कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट उघडावी म्हणून फाइलींच्या नावांचे नियम असतात. जुन्या कॉम्प्युटरवर नावाची पहिली काही अक्षरंच दिसायची. क्लास चालवणाऱ्या आमच्या सरांना मात्र प्रत्येक धड्याच्या नावाआधी ‘प्रोफेसर’ आणि स्वतःचं आख्खं नाव हवं. मी सीडी नापास केली, तर म्हणाले, “माझ्या नावावरच पोरं येतात. पाठवून दे.” परीक्षेच्या तोंडावर मुखेडहून एका मुलीचे वडील सीडी घेऊन आले. “सायेब, वरपासून खालपर्यंत ‘प्रोफेसर’च दिसायलंय. धडा कुठं हाय? पोरगी लई रडायली.” सर मला म्हणाले, “खेड्यातल्यांना कॉम्प्युटर कळत न्हाई बघ.” त्या माणसानं मान खाली घातली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्वारीतली ती सीडी कुणाची, देव जाणे. पण आमच्या क्लासची असेल, तर सरांचं नाव अखेर कामाला आलं म्हणायचं: पाखरं तरी भितात त्याला.