आरजू मॅडमचा गप्प वर्ग

शनिवारी शाळा सकाळची. शेवटची घंटा झाली की आरजू मॅडम तोंडाला स्कार्फ गुंडाळते, स्कुटीला किक मारते आणि तांड्यावरून जी सुटते ती थेट यवतमाळ! लोहाऱ्याच्या एमआयडीसीपाशी पाच मिनिटं थांबते. सीटवर स्टीलचा डबा, एका हातात पोळीचा रोल आणि दुसऱ्या हातात झेरॉक्सचे कागद, कारण दोन वाजता क्लास आहे आणि वाचून नाही गेलं तर मधुवंती मॅडम सगळ्यांसमोर उभं करतात. वय छत्तीस, घरी नवरा, दोन पोरी, सासू, आणि ही बाई एम.ए. करून राह्यली! तेही कशात, तर पोरांना वाचायला कसं शिकवायचं त्यात.

तिच्या माहेरी, बोरी अरबला, हे कळलं तेव्हा लोक हसले होते. "चौदा वर्षांपासून शिकवून राह्यली ना रे तुझी पोट्टी? मंग आता काय शिकते?" असं कोणी तरी तिच्या अब्बांना गॅरेजवर येऊन विचारलं. कय्युमभाई मेकॅनिक माणूस, हात ग्रीसनं काळे. त्यांनी मान वर न करताच सांगितलं, "मी चाळीस वर्सापासून इंजन खोलून राह्यलो. नवीन गाडी आली का मले बी शिकाच लागते. तू चहा पेते का जाते?"

तर ही आरजू. दारव्हा तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या शाळेत तिसरी-चौथी तिच्याकडे, पोरं एकोणीस, सगळी बंजाऱ्यांची. आणि तिचा वर्ग पंचक्रोशीत फेमस होता. कशासाठी? आवाजासाठी! एक पोरगा पुढे उभा राहून धड्यातली ओळ म्हणणार आणि बाकीचे अठरा त्याच्यामागून एका सुरात. शाळेचे पत्रे हादरायचे. वावरात निंदण करणाऱ्या बायांना ऐकू जायचं, बंधाऱ्यावर म्हशी धुणाऱ्यांना ऐकू जायचं, आणि तांड्यातले लोक एकमेकांना म्हणायचे, मॅडम लय शिकवते! शाळा चालू आहे का बंद, मॅडम आली का नाही, हे तिथं कोणी डोळ्यांनी पाहतच नव्हतं, कानानंच हजेरी घेत होते.

पुढे उभा राहणारा पोरगा म्हणजे शाम. चौथीतला. सगळा तांडा जिला याडी, म्हणजे आई, म्हणतो त्या रुपीबाईचा नातू. काय आवाज, काय तोरा! म्हणून क्लासमध्ये जेव्हा मधुवंती मॅडमनी सांगितलं की आपापल्या वर्गातल्या एका मुलाचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून आणा, तेव्हा आरजूनं शामलाच उभं केलं. कोळी होडी घेऊन निघाला तो धडा. पुढच्या शनिवारी तिनं ते क्लासमध्ये लावलं आणि सगळे शिक्षक वा वा करायला लागले. आरजूची छाती फुगली होती नुसती.

मधुवंती मॅडमनी पूर्ण ऐकलं. मग शांतपणे विचारलं, "सुंदर. आणि काय वाचलं, हे विचारलंत का त्याला?"

"म्हणजे?"

"म्हणजे धड्यात काय झालं ते."

आरजूनं विचारलं नव्हतं. चौदा वर्षांत कधीच कोणाला विचारलं नव्हतं, हे तिला तिथं बसल्या बसल्या कळलं.

सोमवारी तिनं शामला जवळ बोलावलं. "शाम, कोळ्याचा धडा वाच." शामनं पुस्तक मिटलं आणि धडा घडाघडा म्हटला. "बरं, आता सांग, कोळी कुठं गेला?" शाम तिच्या तोंडाकडे पाहत राहिला. "होडी म्हणजे काय रे?" तो अजून पाहतोय. मग त्याला वाटलं आपलंच काही तरी चुकलं, आणि बिचारा एकदम म्हणाला, "मॅडम, पुन्हा म्हणू का? मोठ्यानं म्हणू?"

बस्स. आरजूला तिथंच गलबलून आलं. तिनं एकेक करत एकोणीसही पोरांना बोलावलं, न शिकवलेल्या धड्याचं पान उघडून दिलं, आणि दुपारपर्यंत तिच्यासमोर सत्य येऊन बसलं. सगळे गात होते. वाचत जेमतेम चौघं होते. आणि रजिस्टरमध्ये तिच्याच सुंदर अक्षरात सगळ्यांच्या नावापुढे लिहिलेलं होतं, "परिच्छेद वाचतो."

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तो स्टीलचा डबा आहे ना, जो ती रोज नेते, तो तिला पाचवीत मिळाला होता. मोठ्यानं वाचायच्या स्पर्धेत पहिला नंबर! घरी सगळे हिंदी बोलायचे, शाळा मराठी, आणि तिनं तो उतारा नुसता पाठ करून खणखणीत म्हटला होता. त्यातलं अर्धं तिला कळलं नव्हतं. हे तिनं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. शामच्या डोळ्यांत तिला पाचवीतली आरजूच दिसली.

शनिवारी क्लास सुटल्यावर ती बोरीला गेली आणि गॅरेजमध्ये टायरवर बसून रडली. कय्युमभाईंनी सगळं ऐकलं आणि पाना खाली ठेवला. "आवाज पे मत जा, बेटा. सायलेन्सर फाटलं का गाडी कशी गरजते! मंग पावर वाढला का? दोन पोते टाक आन् चढावर घे. तिथं समजते."

दोन पोती टाकून चढावर. आरजूनं ते तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं, आणि तिच्या लघुप्रबंधाचा विषय ठरला: पोरांना समजून वाचायला शिकवायचं, आणि वर्षभर काय झालं ते खरं खरं लिहायचं. मधुवंती मॅडम म्हणाल्या, "मार्चपर्यंत वर्ग तुमच्याच हातात राहिला पाहिजे. मध्ये तुटलं तर वर्ष गेलं, लक्षात ठेवा."

मग आरजूनं पहिली गोष्ट काय केली, तर ते मागून म्हणणं बंद. एकदम बंद! आता पोरं दोघं-दोघं बसून हळू आवाजात वाचायची, अडली की थांबायची, आणि मॅडम विचारत फिरायची, "काय झालं? काहून झालं? आता पुढं काय होईन?" उत्तर गोरबोलीत, म्हणजे पोरांच्या घरच्या बंजारा बोलीत, दिलं तरी चालेल, हे तिनं सांगून टाकलं, आणि जी पोरं दोन वर्षं शाळेत स्वतःचं एक वाक्य बोलत नव्हती ती भांडायला लागली की कोळी मूर्ख होता का शहाणा! ती स्वतः गोरबोली शिकायला लागली. चुकीचं बोलली की पोरं पोट धरून हसायची.

वाचायला पुस्तकं कमी पडली, तर तिनं लग्नाच्या पत्रिका जमवल्या. आपल्याकडे एका सीझनला घरात किती पत्रिका पडतात! त्यांच्या कोऱ्या बाजूवर पोरांच्याच गोष्टी लिहायच्या. रुपीबाईला वर्गात बोलावून खुर्चीवर बसवलं. मोहाच्या झाडाखाली अस्वल आलं तेव्हा तिनं ते उलथनं दाखवून कसं हाकललं, ते ती हातवारे करत सांगत होती, पोरं मराठीत सांगत होती, मॅडम पत्रिकेमागे उतरवत होती. दुसऱ्या दिवशी शामनं ते कार्ड हातात घेतलं, एकेक शब्द चाचपडत, बोट ठेवत वाचलं आणि एकदम ओरडला, "मॅडम, हे चूक हाये! याडीनं उलथनं नाई, पळी दाखवली होती!"

आरजूला नाचावंसं वाटलं. पोरगं कागदाशी भांडलं होतं!

पण बाहेर काय झालं? बाहेर तांड्यानं ऐकलं की शाळेतून आवाज येत नाही.

एक आठवडा गेला, दोन गेले. मुख्याध्यापक नरहर सर, चांगले माणूस, पण घाबरट, म्हणाले, "आरजू मॅडम, तुमचा वर्ग पहिले कसा दणाणत होता! थोडं तरी म्हणू द्या की पोरायले. लोक विचारून राह्यले." तिनं नाही म्हटलं. मग पसरलं की मॅडम यवतमाळला एम.ए. करते म्हणून वर्गात स्वतःचाच अभ्यास करत बसते, मोबाईल पाहत बसते, पोट्टे गप्प बसवून ठेवते. आणि जानेवारीत शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष अमरसिंग राठोड दहा-बारा माणसं घेऊन वर्गाच्या दारात उभे! हातात कागद. मॅडमची बदली करा म्हणून अर्ज, खाली सह्या आणि अंगठे.

"रामराम मॅडम," अमरसिंग म्हणाले. ते उद्धट नव्हते, दुखावलेले होते. "तुमी चांगल्या होत्या हो. आमी वावरातून ऐकत होतो. आता काय झालं तुमाले? शाळेत पोट्टे हायेत का नाई तेच समजत नाई."

आरजूनं अर्जावरून नजर फिरवली. वर्ष जाणार, आणि त्याहून वाईट, पोरं पुन्हा गायला लागणार. तिला खूप काही बोलायचं होतं, क्लासमध्ये शिकलेलं, पुस्तकातलं. पण तोंडातून निघालं ते अब्बांचं.

"अध्यक्ष, बैल इकत घेतांना त्याचं हंबरणं ऐकता का औताले जुपून पाहता?"

मागून कोणी तरी हसलं. अमरसिंगनाही हसू आवरलं नाही. "जुपून पाहतो."

"मंग जुपा ना! मी शिकवलेलं नाही, मी पाहिलेलं पण नाही, असं काई बी द्या वाचाले."

अमरसिंगनी खिसे चाचपले. शर्टाच्या खिशात एक चौघडी केलेला कागद होता. ग्रामपंचायतीच्या शिपायानं सकाळीच दिला होता, जनावरांच्या लसीचा. "लस सोमवारी, तांड्यावरच," असं तो तोंडी सांगून गेला होता आणि सगळ्यांनी ते धरून ठेवलं होतं. कागद कोणी उघडला नव्हता.

शाम उठला. वर्षाच्या सुरुवातीचा शाम असता तर छाती काढून उभा राहिला असता. आता तो खालीच बसला, कागद मांडीवर पसरला आणि ओठ हलवत, बोट फिरवत वाचायला लागला. एका शब्दावर अडला. मागं गेला. पुन्हा वाचलं. दारातली माणसं चुळबुळ करायला लागली. "याले तं येतच नाई," एकजण पुटपुटला. "पहिले कसा फाडफाड वाचे!"

आरजूनं ओठ घट्ट मिटले. मदत करायची नाही. करायची नाही!

शामनं मान वर केली आणि दारात उभ्या असलेल्या रुपीबाईकडे पाहून गोरबोलीत सांगायला सुरुवात केली. लस सोमवारी नाही, उद्या आहे. इथं नाही, खालच्या गावात, पंचायतीसमोर, सकाळी आठ ते अकरा. कानात बिल्ला नसलेल्या जनावराला आधी बिल्ला मारून घ्यावा लागेल. एवढं सांगून तो पुन्हा कागदात घुसला, उलटून मागची बाजू पाहिली, कपाळाला आठ्या घातल्या.

"काय झालं रे?" अमरसिंगनी विचारलं.

"काका, गाय लिहेल हाये, बैल लिहेल हाये, म्हैस लिहेल हाये. बकरीचं काईच नाई लिहेल. आपल्या बकऱ्या न्या लागते का नाई, हे पंचायतीत इचारा लागीन."

दहा-बारा मोठी माणसं आणि एकोणीस पोरं, आणि वर्ग इतका गप्प की कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. अमरसिंगनी दोन्ही कागद हातात धरले होते, लसीचा आणि अर्जाचा. लसीचा त्यांनी नीट खिशात ठेवला. अर्ज आरजूकडे दिला. "याची मागची बाजू कोरी हाये, मॅडम. लिहाले कामी येईन."

आरजू त्या दिवशी पुन्हा रडली, पण कोणी तिला हसलं नाही.

मार्चमध्ये बाहेरचे परीक्षक आले. एकोणीसपैकी चौदा पोरं न पाहिलेलं वाचून सांगू शकली, पाच अजून अडतात, आणि आरजूनं लघुप्रबंधात ते पाचही लिहिले. पहिल्या पानावर तर तिनं हेही लिहिलं की वर्षाच्या सुरुवातीला या सगळ्यांच्या नावापुढे मी "वाचतो" असं लिहिलं होतं आणि ते खोटं होतं. नरहर सर म्हणाले, कायले लिहिता मॅडम, स्वतःच्या पायावर कायले धोंडा? तिनं ते तसंच ठेवलं. ती पास झाली, आणि मधुवंती मॅडम आता नव्या बॅचला तेच पहिलं पान वाचायला देतात.

आणि परवाची गोष्ट. एक भांडेवाला सायकलवरून तांड्यात आला, शाळेपाशी थांबला, कान दिला, काहीच ऐकू आलं नाही. ओट्यावर रुपीबाई बसली होती. त्यानं विचारलं, "काहून वो याडी, आज शाळेले सुट्टी हाये का?"

"हळू बोल," रुपीबाई म्हणाली. "पोट्टे वाचून राह्यले."