लिस्टेड पायरीवरची रांगोळी
आज सुतार खिडकीच्या काचेला पुट्टी लावत होता आणि तिच्या जवसाच्या तेलाच्या वासाबरोबर माझा जुना राग वर आला. मुलांनो, आपलं हे इंग्लंडातलं वॉटफर्डचं घर म्हणजे जुळ्यातलं एक. रस्त्यावरून एकच मोठा पांढरा बंगला दिसतो, पण मधोमध भिंत आहे आणि दोन दारं दोन टोकांना. शिवाय इमारत लिस्टेड, म्हणजे जुना वारसा म्हणून सरकारी यादीतली; कौन्सिलला विचारल्याशिवाय तिच्यात काही बदलायचं नाही. इथल्या पहिल्या दिवाळीत मी दारातल्या दगडी पायरीवर रांगोळी काढली. पलीकडच्या अर्ध्यातला शेजारी काठी टेकत आला. "लिस्टेड पायरी रंगवता येत नाही," म्हणाला. ही नुसती पूड आहे, झाडूने जाते, असं मी सांगणार, तेवढ्यात तुमचे आजोबा "सॉरी, सॉरी" करत बादली घेऊन आले आणि त्यांनी पायरी धुऊनच टाकली. "अहो, सॉरी कशाबद्दल?" "अगं, शेजार आहे, जाऊ दे." मी वर पाहिलं. आमच्या खिडक्या मूळच्या, लाकडी, वर-खाली सरकणाऱ्या. त्याच्या सगळ्या प्लॅस्टिकच्या. "आणि या कोणाला विचारून बसवल्या?" मी त्याला इंग्रजीत विचारलं. तो लालबुंद होऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी आणखी मोठी रांगोळी काढली आणि बादली कपाटात कुलूपबंद केली. त्या कुलपाची किल्ली आजोबांना मी अजूनही दिलेली नाही.