पाहुण्यांचा डबा

चांगुणाबाईचा माझ्यावर संशय होता, हे आधीच सांगते. मी तिची शेजारीण, घरात माझं रोजचं येणं-जाणं, आणि तिच्या डब्यातले पैसे कमी भरायचे. मग चोर कोण? ही गोजरा! असा संताप आला होता मला, की तिच्या दारावरून जाताना मी मान फिरवून जायची.

पंच्याऐंशी साल असेल. नेरूळला आम्हाला एका खोलीची घरं हप्त्यावर मिळाली होती. मी साताऱ्याची, ती जालन्याकडची. दोघींचे नवरे तुर्भ्याच्या एकाच कारखान्यात. तिचा नवरा पोपटराव पगाराचं पाकीट आहे तसं तिच्या हातात ठेवायचा. ती ते डालड्याच्या रिकाम्या डब्यांत वाटायची. एक किराण्याचा, एक रॉकेलचा, एक पोरांच्या शाळेचा आणि एक घराच्या हप्त्याचा. हप्त्याच्या डब्यावर फडकं आणि त्याला तिची स्वतःची गाठ, दुसऱ्याला सुटायची नाही अशी. तरी खड्डा पडायचा तो त्याच डब्याला. हप्ते थकले, नोटीस आली. आता आणखी एक चुकला की घर हातचं जाणार होतं.

बाईची झोप उडाली. पोपटराव पाळी संपवून आला की आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. बिचारा सुपारीसुद्धा खात नव्हता. किराणावाल्या कासिमशेठच्या दुकानात काट्यावर डोळे रोखून बसायची. शेवटी त्यानं वैतागून तागडी तिच्याच हातात दिली. दोघांकडे काही सापडेना, म्हणून गाडी माझ्यावर आली.

एका रविवारी मी सरळ तिच्या घरात जाऊन बसले. म्हटलं, चोर मी ना, मग बसते तुझ्या नजरेसमोर. तिचा एक चुलतभाऊ नोकरी शोधायला आला होता, तो त्या दिवशी गावी निघाला. त्यानं जयभीम घातला, पिशवी उचलली. चांगुणाबाईनं फळीवरचा डबा काढला, आपल्या हातानं गाठ सोडली आणि एक नोट त्याच्या मुठीत कोंबली. वाटखर्ची! मी आ वासून बघतच राहिले.

तो गेल्यावर विचारलं, "हे कुठल्या खर्चात धरतेस?"

"हा काय खर्च हाय व्हय?" ती म्हणाली. "पावण्याच्या हातावर ठेवलेलं कुनी मोजतं का?"

कोणी मोजत नाही, खरं आहे. माझी आईसुद्धा मोजत नव्हती. पण चांगुणाबाईच्या गावाकडून मुंबईला येणारा जो तो आधी पनवेलला उतरून हिच्याकडे यायचा, आणि जाताना प्रत्येकाच्या मुठीत नोट. मी एकेकाचं नाव घेत गेले, तशी ती बोटांवर मोजत गेली. मग पदर तोंडाला लावून रडली. माझी माफी काही मागितली नाही हं! पण दुसऱ्या पगाराला फळीवर आणखी एक डबा आला, पाहुण्यांचा. त्यात असेल तेवढं त्यांचं, संपलं की संपलं. मला वाटलं, हे खूळ महिनाभर टिकेल. पण टिकलं, आणि थकलेले हप्ते हळूहळू फिटायला लागले.

मग एकदा महिनाअखेरीला तिचा थोरला भाऊ आला, रावसाहेब. तिला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवणारा. तो निघाला तेव्हा मी तिथंच होते; पिशवी मांडीवर घेऊन नुसता बसून राहिला. परतीचं भाडं त्याच्या खिशात होतं, पण बहिणीच्या घरून रिकाम्या हातानं कसं जायचं?

पाहुण्यांचा डबा रिकामा होता. या महिन्याचं संपलं, असं तिनं खाली बघत सांगितलं. त्यानं फळीकडे पाहिलं. शहरात येऊन लपवायला शिकलीस, म्हणाला. तशी तिनं सगळे डबे खाली काढून त्याच्यापुढे उघडले. हप्त्याच्या डब्यात नोटा होत्या.

"मंग हे काय हाय?"

"ते घर हाय, दादा. पुढल्या बारीला तू उतरशील ते."

तो चहा न घेताच उठला. ती चौकट धरून रडत उभी राहिली, पण डब्याला हात लावला नाही. मी कमरेची पिशवी काढली, नोट घेतली आणि त्याच्यामागे निघाले, तर तिनं माझं मनगट धरलं.

"ठेवा ते, गोजराबाई," ती म्हणाली. "तुमचा बी हप्ता हाय."