ओल्या पायांचा पाहुणा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर पुढचं सांगायचं मला जमणार नाही.

आम्ही कतारला, दोह्यात राहतो, बिन महमूद भागात, तिसऱ्या मजल्यावर. हे गॅस प्लांटवर, शिफ्ट ड्युटी. मुलगी सायली पाचवीत, इंग्रजी शाळेत. आणि मी सातवी पास. तिला कमी मार्क पडले की मला वाटतं, आईच कमी शिकलेली, पोरगी काय करणार? रात्रीची झोप उडते हो!

तर शाळेत त्यांना जुन्या ग्रीक लोकांच्या महाकाव्यांचा धडा लागला. ते लोक कशाला चांगलं म्हणायचे, कशाला वाईट, असं सगळं. त्यातलं एखादं घरात पाळून बघायचं आणि काय घडलं ते लिहायचं. वीस मार्क!

"काय काय आहे गं त्यात?"

"करेज, आई. लढाईतून पळायचं नाही."

"ते राहू दे. दुसरं सांग."

"गेस्ट. स्ट्रेंजर दारात आला तर फर्स्ट त्याला फूड द्यायचं. नाव, काम, काही विचारायचं नाही. खाऊन झालं की मगच आस्क करायचं."

घ्या! हे तर आपलंच की! फक्त आपण पोह्यांच्या आधी "तुम्ही मूळचे कुठले?" विचारतो, एवढाच फरक. पुढचं मी ऐकलंच नाही. म्हटलं, हे वीस मार्क आपल्या हातातले.

पण अनोळखी माणूस आणायचा कुठून? आठवडाभर दाराकडे कान लावून बसले. येतील ते सगळे ओळखीचे! शेवटी शुक्रवारी सकाळी बेल वाजली.

दारात एक तरुण, कधी न पाहिलेला. पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडलेली, पाय ओले. शुक्रवार ना, म्हटलं नमाजासाठी हातपाय धुऊन निघाला असेल.

"मॅडम, आपका..."

"आइए, आइए! पहले बैठिए!"

"नहीं मॅडम, वो नीचे..."

"कुछ नहीं बोलना! पहले खाना, बाद में बात!"

"आई, डोन्ट आस्क हिज नेम!" सायली वही-पेन घेऊन तयार.

पोहे टाकले. बिचाऱ्याचं हिंदी बेताचंच. तोंड उघडलं की मी बशीत आणखी वाढायचे. काय भराभर खाल्ले त्यानं! मनात आलं, किती दिवसांचा उपाशी आहे कोण जाणे. लगेच शिरा केला. तो उठायला लागला, मी परत बसवला. सारखा खाली फरशीकडे बघत होता. किती संस्कारी मुलगा, बाईमाणसाकडे नजर वर करून बघत नाही! मग चहा. तो त्यानं उकळता तसाच घशात ओतला.

"खलास, मॅडम?"

"खलास! अब बोलिए. क्या नाम आपका? क्या काम था?"

"मैं थॉमस. आपके नीचे रहता हूँ. आपके बाथरूम का पानी मेरे बेडरूम में गिरता है." मग हळूच म्हणाला, "जब ऊपर आया, तब थोड़ा-थोड़ा गिरता था."

मी धावले. वॉशिंग मशीनचा पाइप निसटलेला, जाळीवर सायलीचा मोजा बसलेला, आणि बाथरूममधे प्लॅस्टिकचा मग होडीसारखा फिरत होता!

तो अख्खा दिवस मी त्याच्या घरात फरशी पुसत होते. गादी आणि गालिचा गच्चीवर वाळत. एवढं होऊन तो भला माणूस म्हणतो, "पोहा अच्छा था, मॅडम."

सायलीला बजावलं, यातलं एक अक्षर लिहायचं नाही. तिनं सगळं लिहिलं. आणि पडले किती? वीसपैकी वीस! मी पेढे केले, बिल्डिंगभर वाटले. थॉमसला दोन जास्तच दिले. प्रत्येकाला सांगितलं, "यात माझा पण हात आहे हं!"

संध्याकाळी हे ड्युटीवरून आले. म्हटलं, वाचून दाखवा की ते प्रोजेक्ट. त्यांनी वाचायला घेतलं, आणि मधेच खोकल्यासारखं करायला लागले.

"काय झालं?"

"अगं, त्या ग्रीकांचा आणखी एक नियम होता. ज्याला जायचंय त्या पाहुण्याला जबरदस्तीनं धरून ठेवायचं नाही. तसं करणारा आणि पाहुण्याला हाकलणारा, दोघं सारखेच वाईट."

"मग?"

"मग सायलीनं विषय घेतलाय, 'वाईट यजमान'. उदाहरण, 'माझी आई'."

"अगं बाई! आणि टीचर काय म्हणते?"

"टीचरनं लिहिलंय, कल्पनाशक्ती उत्तम. पण अशी बाई प्रत्यक्षात असणं कठीण."