गणितापुरती दत्तक

दहावीच्या वर्षी गणिताच्या सरांनी मला एक मुलगी दत्तक दिली. मोशीच्या आमच्या शाळेत ही पद्धतच होती. पहिल्या चाचणीचे पेपर तपासून झाले की सर हुशार मुलांची एक यादी करायचे, कच्च्यांची दुसरी, आणि जोड्या लावून टाकायचे. हुशारानं कच्च्याला मधल्या सुट्टीत शिकवायचं आणि पास करून दाखवायचं. त्यातून म्हणे हुशारांच्या अंगी समजूतदारपणा येतो आणि कच्च्यांना न लाजता विचारायची सवय लागते. सर भले होते. मुलं कशी असतात, एवढं मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी नववीत लातूरकडून आली होती. वडील चाकणच्या एका कंपनीत कंत्राटावर, आई तिथल्याच कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायची. पहिल्याच दिवशी तिनं मला सगळं सांगून टाकलं. एका दमात पास झाली तर इथंच अकरावी. नापास झाली तर गावाकडं चुलत्यांच्या घरी, शाळा बंद, आणि लवकरच लग्न. वडलांनी तसं बजावलंच होतं. एवढी मनातली गोष्ट तिनं सांगितली कुणाला, तर जिला ती मुळीच आवडत नव्हती त्या मुलीला.

मी तिला छळलं. उदाहरण सोडवताना "आता तू काय करायलीस?" असं तिनं विचारलं की मी वही मिटायचे. "आधी 'करतेस' म्हण. मग गणित." ती म्हणायची. आजूबाजूच्या मुली फिदीफिदी हसायच्या आणि तीही हसायची, वाईट वाटलेलं कुणाला दिसू नये म्हणून. कुठलंही गणित मी एकदाच सांगायचे. दुसऱ्यांदा विचारलं तर मोठा उसासा टाकायचा, घड्याळाकडं बघायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पंधराव्या वर्षी माणूस किती पक्का निर्दय असू शकतो, ते मी स्वतःवरून सांगते.

तरी ती शिकली. त्यात माझं कौतुक काही नाही. तेच गणित ती घरी चार-चारदा सोडवायची आणि दुसऱ्या दिवशी नेमक्या अडलेल्या पायरीवर बोट ठेवायची. "इथवर कळालं. इथून पुढं कळंना गेलंय." मला असं विचारायला कधी जमलं नाही. मी हुशार असल्यामुळं न कळलेलं लपवून ठेवायची मला सवय होती.

पूर्वपरीक्षेनंतर सरांनी फळ्यावर भूमितीचं एक अवघड उदाहरण घातलं आणि मला उभं केलं. मी खडू घेऊन आकृतीपुढं नुसती उभी. मागून तिचा आवाज आला, "सर, त्या बिंदूतून समांतर रेषा काढली तर?" उदाहरण सुटलं. सर खूश होऊन म्हणाले, "बघा, दत्तक लेकरू आईच्या पुढं गेलं!" वर्ग खदाखदा हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मला खिजवायला तसं केलं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं, आणि त्यामुळंच राग जास्त येत होता.

भूमितीच्या पेपरच्या आदल्या दिवशी ती आमच्या घरी आली. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची रचना तिला जमत नव्हती. रचना म्हणजे कच्च्या मुलांचे हक्काचे गुण. पायऱ्या पाठ असल्या आणि कंपास नीट धरला की झालं. सरांनी शेवटच्या तासाला हीच रचना दोनदा करून घेतली होती, आणि आई आजारी म्हणून ती नेमकी त्याच दिवशी गैरहजर होती. दहा मिनिटांचं काम होतं.

"ती मागच्या वर्षी येऊन गेलीये," मी म्हणाले. "यंदा येत नाही. सोडून दे."

"नक्की?"

"मी सांगतेय ना."

तिनं वहीत त्या रचनेवर काट मारली आणि मला थँक्यू म्हणाली. मागच्या वर्षी ती आली होती की नाही, ते मी पाहिलंही नव्हतं. चुकून झालं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे.

पेपरात ती रचना आली.

गणितात ती काठावर अडकली. तेवढे गुण मिळाले असते तर सुटली असती. गुणपत्रिका घ्यायला ती आईबरोबर शाळेत आली. सर फेरपरीक्षेचं सांगायला लागले, तर आई म्हणाली, "नको सर. तिच्या बापानं गाडीचं तिकीट काढलंय." मग माझ्याकडं वळून तिनं माझे दोन्ही हात धरले. "लई जीव लावलास ग बाई माझ्या लेकीला." मी हात सोडवून घेतले नाहीत.

मुलगी मला म्हणाली, "तू सोड म्हणलीस, तरी मी एकदा करून बघायला पाहिजे होती. माझंच चुकलं की ग?"

ती खरंच विचारत होती. तिला उत्तर हवं होतं. खरं बोलायची इतकी सोपी वेळ मला पुन्हा मिळाली नाही.

"हो," मी म्हणाले. "करून बघायला हवी होतीस."

तिनं मान डोलावली. शिकवलेलं कळलं की ती तशीच मान डोलवायची.